वाट्याने कसणाऱ्याच्या हाती कागद द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

युक्रेनचे युद्ध आपल्याकडे पोहोचले ते सूर्यफूल तेलाच्या भावातून. त्या युद्धात तेथील शेती-व्यवसायाला कायद्याने कसा आधार दिला, याची चर्चा मात्र आपल्या जिल्ह्यात फारशी झाली नाही.

सोव्हिएत काळातील सामूहिक शेते मोडल्यावर तेथील जमिनीचे वाटे सुमारे ७० लाख लोकांच्या नावावर झाले. २००१ पासून जुलै २०२१ पर्यंत शेतजमीन विकण्यास बंदी होती, त्यामुळे कंपनीची असो वा कुटुंबाची, बरीचशी शेती भाडेपट्ट्यावरच उभी राहिली. २४ फेब्रुवारी २०२२ ला आक्रमण झाले, जमिनीच्या नोंदवह्या बंद पडल्या आणि पेरणी तर तोंडावर आलेली. तेव्हा संसदेने मार्चमध्येच कायदा करून मुदत संपणारे पट्टे आपोआप एक वर्ष वाढवले. सरकारी व स्थानिक संस्थांची जमीन लष्करी प्रशासनाने वर्षभरासाठी कसायला द्यावी आणि त्या कराराची नोंद स्वतःच ठेवावी, अशीही सोय केली. अशा जमिनीवर बांधकाम, पोटभाडे किंवा बहुवार्षिक लागवड करण्यास मनाई होती, म्हणजे कसणाऱ्याला हंगामाची हमी मिळाली आणि मालकी हक्कालाही धक्का लागला नाही. अर्थात तेथील सगळेच घेण्याजोगे नाही. २०२४ पासून कंपन्यांना दहा हजार हेक्टरपर्यंत जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली आहे. ती लहान शेतकऱ्याला मानवेल असे मला वाटत नाही.

आता आपल्याकडे पाहा. खानापूर, आटपाडी भागातील कितीतरी कुटुंबे गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत, इतरांची मुले पुण्या-मुंबईला नोकरीत आहेत आणि त्यांची रानं गावातलाच कोणीतरी वाट्याने (पिकात हिस्सा देऊन) किंवा खंडाने (ठरलेले भाडे देऊन) करतो. व्यवहार बहुधा तोंडी. अवकाळीने पीक झोडपले की पंचनामा होतो तो सातबाऱ्यावरच्या नावाने, भरपाईही मालकाच्याच खात्यावर जमा होते, आणि बी-बियाणे, खते, औषधे उधारीवर आणणारा मात्र दुकानदाराच्या तगाद्याला तोंड देत बसतो. पीकविम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. पण मालक सही करायला धजावत नाही, कारण ‘जमिनीला कूळ लागेल’, म्हणजे कसणारा कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती. १९४८ चा कूळकायदा आणि कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली तो १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ज्या घरांनी अनुभवला, त्यांच्या या भीतीला हसण्यात अर्थ नाही.

ही भीती घालवणारा कायदाच हवा. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे हक्कपत्र देण्याचा कायदा केला, मात्र त्यातही मालकाची सही आवश्यक ठेवल्याने अनेकजण वंचितच राहिले. महाराष्ट्राने एक पानी, ठरावीक मुदतीचा करार तलाठी कार्यालयात विनाशुल्क नोंदवून घ्यावा, त्यातून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही असे कायद्यातच स्पष्ट लिहावे आणि पीककर्ज, विमा व भरपाई तिन्हींसाठी तोच कागद ग्राह्य धरावा. मालक सही देत नसेल तर ग्रामसभेत खातरजमा करून निदान भरपाईपुरती कसणाऱ्याची नोंद व्हावी. आपल्या जिल्ह्यातील आमदारांनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा, ही विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
तासगाव, जि. सांगली