पुण्य नको म्हणणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही फोन उचलणं बंद कराल.

आईची केमो चालू असताना ब्लड बँकेचा ‘एसडीपी डोनर बघा’, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी यंत्रावर देणारा माणूस शोधा, असा निरोप आला की आमच्या पोटात गोळा यायचा. रक्त द्यायला माणसं मिळतात, प्लेटलेटला मिळत नाहीत. तास-दीड तास यंत्राला जोडून पडून राहायचं. रक्त बाहेर येतं, प्लेटलेट वेगळ्या काढल्या जातात, उरलेलं परत अंगात जातं आणि मध्येच ओठांना मुंग्या येतात. आमच्याकडचे काही जण शिरा बारीक म्हणून परत आले, एकाने ॲस्पिरिन घेतलेली निघाली. मग कुणीतरी तुमचा नंबर दिला आणि तुम्ही कामावरून सुटून थेट भोसरीहून आलात. पैशांचा प्रश्नच नव्हता, रक्ताच्या विक्रीवर १ जानेवारी १९९८ पासून बंदीच आहे. पण तुम्ही पेट्रोलचेही घेतले नाहीत.

प्लेटलेटचा काउंट वर आल्यावर आईने तुम्हाला दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, “पांडुरंग तुझं भलं करील.” तुम्ही मास्कआडून म्हणालात, “काकू, मी देव मानत नाही. पण भलं झालं तर नको म्हणणार नाही.” आई म्हणाली, “मग कशापायी करतोस रे?” “त्या पुन्हा तयार होतात, काकू. साठवून काय करू?”

मामा मात्र अस्वस्थ झाले. देवाची भीती नसेल तर माणूस धरबंद सोडेल, हे त्यांचं जुनं मत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण मामा स्वतः रात्र रात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसत होते, ते कुठल्या नरकाला भिऊन? बहिणीसाठी बसले होते. चित्रगुप्ताची वही त्यांच्याही डोक्यात नसणार.

पुण्यासाठी करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. हॉस्पिटलबाहेर फुकट वाटलं जाणारं जेवण मी जेवलोय, वाढणाऱ्याचा हेतू विचारायची तेव्हा शुद्ध नव्हती. फक्त एक गोष्ट लक्षात आली. एकादशीला, अमावस्येला, कुणाच्या वर्षश्राद्धाला तिथे रेलचेल असायची, मधल्या एखाद्या मंगळवारी काहीच नसायचं. रक्तदानाचंही तसंच. गणेशोत्सवात, जयंत्यांना शिबिरं भरतात, चांगलंच आहे. त्यातल्या लाल पेशी ३५ दिवस किंवा थोड्या जास्त टिकतात. प्लेटलेट मात्र ५ दिवस, त्याही साधारण २२ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात. म्हणजे जयंतीला कितीही गर्दी झाली तरी पुढच्या आठवड्यातल्या पेशंटला तिचा उपयोग नाही. त्याला आडवारी येणारा माणूस लागतो, आणि आडवाराला पंचांगात पुण्य लिहिलेलं नसतं.

आगरकरांची आठवण झाली. देवाधर्माच्या बाबतीत समाजाने त्यांना वाळीतच टाकल्यासारखं केलं होतं. तरी मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून वेळ परहितात घालवणार, असं त्यांनी आईला आधीच कळवून टाकलं होतं. परलोकात काही मिळेल असं त्यांना वाटत असल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. वयाची चाळिशीही न गाठता, १८९५ मध्ये ते गेले.

तुम्ही नंतरही आलात, आईसाठी आणि शेजारच्या खाटेवरच्या पोरासाठीही. ते आम्हाला नर्सकडून कळलं. त्या पोराच्या घरच्यांना तुमचा चेहराही माहीत नाही, म्हणून त्यांच्या वतीनेही आभार मानतो.

आई आता घरी आहे, कुरकुर करण्याइतकी बरी आहे. तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, येऊन घेऊन जा. आणि रोजच्या पूजेत ती तुमचं नाव घेते. हरकत असेल तर तुम्हीच तिला सांगा, माझी हिंमत नाही.

तुमचा,
काकूंचा थोरला