आयमॅप सरसकट बंद करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे. ‘सुरक्षेच्या कारणास्तव यापुढे कंपनीचा मेल फक्त ठरवून दिलेल्या एकाच प्रोग्राममध्ये उघडता येईल’ अशी सूचना हल्ली बऱ्याच ठिकाणी निघते. कर्मचारी थोडी कुरकुर करतात आणि गप्प बसतात, कारण एकदा ‘सुरक्षा’ हा शब्द आला की पुढे बोलण्याची सोय राहत नाही. पण ही सूचना ज्या समजावर उभी आहे तो समजच, म्हणजे इतर मेल प्रोग्राम ज्या नियमावलीने सर्व्हरशी बोलतात ते आयमॅपच असुरक्षित आहे हा समज, चुकीचा आहे, म्हणून हे पत्र.

मी जिथे काम करते तिथल्या अनुवाद विभागातल्या एका सहकाऱ्यांना दिसत नाही. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर आणि थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम या जोडीवर ते कित्येक वर्षे झपाट्याने काम करत आले. एन दाबले की पुढचे न वाचलेले पत्र, एफ दाबले की पुढचे कुठलेही, बी दाबले की मागचे. कानावर पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय पडतो न पडतो तोच त्यांचे बोट पुढच्या कळीवर गेलेले असते. वरील सूचना निघाली आणि त्यांचे थंडरबर्ड बंद पडले. मेल ब्राउझरमध्येही उघडतो की, असे उत्तर त्यांना मिळाले. उघडतो, खरे आहे. मात्र ब्राउझरमध्ये स्क्रीन रीडर दोन अवस्थांत चालतो. एका अवस्थेत बाणाच्या कळांनी पान वाचले जाते, दुसरीत त्याच कळा पानावरच्या यादीला हुकूम देतात. आपण आत्ता कोणत्या अवस्थेत आहोत याचे भान प्रत्येक पत्रागणिक ठेवत दिवसभराचा मेल उपसणे किती दमवणारे आहे, हे सूचना काढणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून करून पाहावे.

आता सुरक्षेचा मुद्दा. मेल प्रोग्राम सर्व्हरशी बोलतो ते आयमॅप या नियमावलीने. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये ती तयार केली. तिची नवी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे ही टाकून दिलेली जुनी वस्तू नव्हे. हा संवाद मला आजही सुंदर वाटतो. प्रोग्राम सर्व्हरच्या ९९३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, जोडला जातो, टीएलएसचे कूटकवच आधी चढते, मग सर्व्हर ‘ओके’ म्हणून स्वागत करतो. प्रोग्राम विचारतो, तुला काय काय येते? सर्व्हर यादी देतो. प्रत्येक आज्ञेला प्रोग्राम एक खूण लावतो आणि सर्व्हर त्याच खुणेने उत्तर देतो, त्यामुळे दहा आज्ञा एकदम पाठवल्या तरी घोळ होत नाही. शेवटी प्रोग्राम ‘आयडल’ म्हणून थांबतो आणि नवे पत्र आले की सर्व्हर आपणहून कळवतो. हे सगळे साध्या अक्षरांत चालते. नोंद काढली तर बिघाड नेमका कोणत्या ओळीत आहे ते डोळ्यांना दिसते.

या संवादात एक जागा खरोखरच कच्ची होती: ओळख पटवण्याची. पूर्वी प्रोग्राम पासवर्ड साठवून ठेवत असे आणि जोडणीच्या वेळी दर वेळी तो पाठवत असे. मोबाइलवरचा दुसरा पुरावा मागायला तिथे वावच नव्हता. चोरलेले पासवर्ड आजमावणाऱ्यांना हे फार सोयीचे होते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्सचेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेवर ही पद्धत बंद करायला घेतली ते योग्यच झाले. पण बंद काय झाले ते नीट पाहा. आयमॅप बंद झाले नाही. आयमॅपमधून नुसता पासवर्ड पाठवणे बंद झाले. त्याच्या जागी ओऑथ आले: कंपनीचे लॉगिनचे पान उघडते, पासवर्ड आणि दुसरा पुरावा तिथे द्यायचा, आणि प्रोग्रामच्या हाती पासवर्डऐवजी अल्प मुदतीचे टोकन, म्हणजे एक प्रकारचा प्रवेशपास, येतो. थंडरबर्डला हे नीट जमते. अनेक आयटी विभागांनी मात्र ‘जुने लॉगिन बंद’ याचा अर्थ ‘आयमॅप बंद’ असा लावला आणि दिसेल ते बटण बंद करून टाकले.

एकच ठरावीक प्रोग्राम असला की आपण सुरक्षित, हेही खरे नाही. २०२१ मध्ये गार्डिकोअर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने दाखवून दिले होते की आउटलुकसारखे प्रोग्राम ‘ऑटोडिस्कव्हर’ने सर्व्हरचा पत्ता शोधताना कंपनीच्या डोमेनवर उत्तर मिळाले नाही, तर भलत्याच डोमेनकडे जातात आणि पासवर्ड तिथे देऊन बसतात. तशी डोमेन विकत घेऊन त्याने काही महिन्यांत ९६ हजारांहून अधिक वेगवेगळी लॉगिने गोळा झालेली दाखवली. दोष ओळख पटवण्याच्या पद्धतीत असेल तर नावाजलेला प्रोग्रामही वाचवत नाही.

विरोधातला एक मुद्दा मला मान्य आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर त्यावर उतरवलेला मेलही जातो. पण कॅश्ड मोडमधले, म्हणजे मेल संगणकावर उतरवून ठेवणारे, आउटलुकही ओएसटी नावाच्या फाइलमध्ये मेलची प्रत डिस्कवर ठेवतेच. त्यावर उपाय डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचे सगळे कुलूपबंद ठेवणे, हा आहे आणि तो दोघांनाही सारखाच लागू पडतो. खरी चौकशी करायची तर वेगळीच करावी: हा प्रोग्राम आपल्या सर्व्हरशी थेट जोडला जातो, की टोकन त्याच्या निर्मात्याच्या सर्व्हरवर ठेवून तिथून मेल ओढतो? काही नवे प्रोग्राम दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यांना नकार द्यायला माझी काहीच हरकत नाही.

शिवाय एकाच कंपनीच्या खासगी पद्धतीवर विसंबण्याचे धोके आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरशी जोडण्यासाठी त्याच्या २००७ च्या आवृत्तीबरोबर ईडब्ल्यूएस ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची पद्धत आली, कितीतरी प्रोग्राम त्यावर बांधले गेले, थंडरबर्डने तर २०२५ च्या अखेरीस त्याची सोय दिली. आणि एक्सचेंज ऑनलाइनवर तेच ईडब्ल्यूएस ऑक्टोबर २०२६ पासून बंद करायला घेण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी पुन्हा नव्याने सुरुवात करायची. आयमॅपची नियमावली कोणालाही मोफत वाचता येते आणि ती मागे घेणे एखाद्या कंपनीच्या हातात नाही. कॅलेंडर आयमॅपमध्ये येत नाही ही उणीव आहेच, पण त्यासाठी मेलचा रस्ता बुजवणे मला पटत नाही.

आयटी विभागांना माझी विनंती अगदी मर्यादित आहे. कर्मचाऱ्याने थंडरबर्डमध्ये लॉगिन केल्यावर ‘प्रशासकाची मंजुरी आवश्यक’ असे पान येते, तिथे बहुतेकांची वाट अडते. प्रशासकाने त्या प्रोग्रामला मंजुरी द्यावी, हवी तर ठरावीक गटापुरती. काही मिनिटांचे काम आहे. नकार द्यायचाच असेल तर कारण लेखी द्यावे, म्हणजे त्यावर बोलता येईल. ज्यांना अपंगत्वामुळे विशिष्ट प्रोग्राम लागतो त्यांचा अर्ज आधी निकाली काढावा. आमच्या सहकाऱ्यांना मंजुरी मिळाली, पण तोवर त्यांच्या कामाचे जे नुकसान झाले ते टाळता आले असते. आणि मंजुरी देताना त्या मेलबॉक्सचे एसएमटीपी ऑथ, म्हणजे प्रोग्राममधून मेल पाठवण्याची परवानगी, चालू आहे का तेही पाहावे. ते वेगळे बटण आहे. ते बंद राहिले तर मेल येतो, पण उत्तर जात नाही, आणि कर्मचाऱ्याला वाटत राहते की दोष त्याच्याच संगणकात आहे.

आपली,
एक मेल सर्व्हर प्रशासक