पंचवीस पुस्तकांची यादी मागितलीस म्हणून

पुणे

प्रिय दिल्या,

कमांड मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. तीही मराठ्यांची पलटण, म्हणजे तुझ्या मनासारखंच झालं. पण गड्या, पत्राच्या दुसऱ्याच ओळीत 'वायओंसाठी (यंग ऑफिसर, म्हणजे नव्या तरुण अधिकाऱ्यांसाठी) पंचवीस पुस्तकांची यादी धाड, मेसच्या नोटीस बोर्डावर लावतो' असा हुकूम सोडलास, तो काही मी पाळणार नाही. बोर्डावरच्या यादीचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. अ‍ॅडज्युटंट सही ठोकतो, कागद पिवळा पडतो आणि नवा सीओ (कमांडिंग ऑफिसर) आला की त्याच टाचणीवर नवी यादी चढते.

पोरं वाचतच नाहीत, हे तुझं म्हणणंही मला पुरतं पटत नाही. वाचतात, पण परीक्षेपुरतं. बढतीची पार्ट डी परीक्षा असो की वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची प्रवेश परीक्षा, लष्करी इतिहासाचा पेपर आला की तयार नोट्स हातोहात फिरतात. त्यात आधी 'धडे' पाठ करायचे आणि मग ते ज्या मोहिमेतून काढायचे ती मोहीम. मार्क मिळतात, नाही असं नाही. पण बर्फामुळं वरच्या पोस्टवर तीन दिवस रेशन चढलं नाही, तर त्या नोट्समधलं एक वाक्य कामाला येत नाही.

माझी कसोटी साधी आहे. ज्या पुस्तकात लिहिणारा स्वतः कुठं चुकला ते सांगतो आणि दाणागोटा, औषधं, बूट यांचा हिशेब मांडतो, ते पोरांच्या हातात द्यावं. विजयाच्या मिरवणुका नंतर वाचल्या तरी चालतील, आणि राहून गेल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही.

म्हणून सुरुवात स्लिमपासून. फील्ड मार्शल विल्यम स्लिमचं 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' १९५६ साली आलं. मार्च १९४२ मध्ये तो ब्रह्मदेशात पोचला तेव्हा रंगून पडलं होतं. पुढं भारताच्या सरहद्दीपर्यंत माघारच माघार, सगळी मिळून सुमारे ९०० मैल. त्या माघारीत आपण काय काय चुकलो हे तो कसलाही आव न आणता लिहितो. पण मला विचारशील तर पुस्तकाचा गाभा लढायांच्या वर्णनात नाही, हिवतापाच्या पानांत आहे. १९४३ साली जखमी म्हणून मागं पाठवलेल्या एका जवानामागं १२० जण आजारी म्हणून मागं जात होते. नुसत्या हिवतापाचं वर्षाचं प्रमाण एकूण सैन्यबळाच्या ८४ टक्के! उपाय होता मेपाक्रिनची गोळी. पण ती घेतली की पुरुषत्व जातं अशी आवई उठली होती, त्यामुळं जवान ती टाळत. मग स्लिमनं काय केलं? अचानक पलटण गाठायची, प्रत्येक जवानाची तपासणी करायची, आणि शेकडा ९५ पेक्षा कमी जणांच्या पोटात गोळी गेलेली निघाली तर सीओला घरी पाठवायचं. तीनच सीओ काढावे लागले, तेवढ्यात बाकीच्यांना काय ते समजलं. नवा सीओ म्हणून हे पान पोरांच्या आधी तू वाच.

पुढच्या तुकड्या अर्ध्या रेशनवर आल्या की तो स्वतःचं हेडक्वार्टरही अर्ध्या रेशनवर आणायचा. त्यागाचं प्रदर्शन म्हणून नव्हे. स्टाफ ऑफिसरच्या पोटात कावळे ओरडायला लागले की रेशन पुढं सरकवायची घाई त्याला आपोआप होते. आणि कोहिमा! जपानी तिथं फार तर एक रेजिमेंट आणू शकतील असा त्याचा अंदाज होता, आली अख्खी ३१ वी डिव्हिजन. अंदाज चुकला आणि जवानांच्या चिवटपणानं आपल्याला वाचवलं, हे तो सरळ कबूल करतो. तो चिवटपणा दाखवणाऱ्यांत ४/५ मराठा, म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण होती, हे तुझ्या पोरांना ठाऊक आहे का विचार. मार्च १९४४ मध्ये सांगशाकला ती पॅरा ब्रिगेडबरोबर लढली आणि कोहिमाकडं निघालेल्या जपान्यांचे मोलाचे दिवस तिनं खाल्ले. नकाशावर सांगशाक शोधायला लाव. इंफाळच्या ईशान्येला, उखरुलच्या वाटेवर.

दुसरं ब्रिगेडियर जॉन दळवींचं 'हिमालयन ब्लंडर', १९६९ चं. तू म्हणशील, हे तर सगळ्यांनीच वाचलंय. नाव सगळ्यांनी ऐकलंय, एवढंच. १९६२ च्या ऑक्टोबरात ७ इन्फन्ट्री ब्रिगेड नामका चू या सरहद्दीवरच्या नाल्याच्या काठावर चिन्यांसमोर उभी होती. सुती गणवेशातले जवान, विमानातून टाकलेलं सामान बरंचसं दरीत, आणि जागा निवडलेली दिल्लीत. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, दळवी स्वतः कैद झाले. पुस्तक रागानं लिहिलंय. राग रास्त आहे, पण राग वाचकाला आंधळाही करतो. म्हणून एकटं देऊ नकोस. सोबत लेफ्टनंट जनरल कौल यांचं 'द अनटोल्ड स्टोरी' दे. ते तेव्हा ४ कोअरचे कमांडर, म्हणजे दळवींच्या पुस्तकातले खलनायकच. आणि तिसरं पलित यांचं 'वॉर इन हाय हिमालय'. हे त्या वेळी दिल्लीत मिलिटरी ऑपरेशन्सचे डायरेक्टर होते. म्हणजे तोच ऑक्टोबर एकदा नाल्याच्या काठावरून, एकदा कोअर हेडक्वार्टरमधून आणि एकदा साउथ ब्लॉकच्या खिडकीतून. तीन पोरांना तीन पुस्तकं वाटून दे आणि एकच प्रश्न विचार: अमुक तारखेला कुणाला काय माहीत होतं? संध्याकाळ पुरणार नाही बघ.

त्याच ओघात आपले कोल्हापूरचे थोरात. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांचं 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' १९८६ साली निघालं, आणि महाराष्ट्रात ते जितकं वाचलं जायला हवं होतं तितकं गेलं नाही, हे माझं जुनं दुखणं. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉला एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढल्या, त्यातली एक थोरातांची, एक थिमय्यांची. पण पोरांना वाचायला लावायचं ते 'लाल किला'. ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना मार्च १९६० मध्ये त्यांनी या नावाचा युद्धसराव घेतला. चीननं ईशान्येत हल्ला केला तर आहे त्या बळात तो थोपवता येणार नाही, हे अडीच वर्षं आधी कागदावर मांडलं. वरच्यांनी ऐकलं नाही. नकोसं खरं वरिष्ठापुढं कसं मांडायचं, किती पुराव्यानिशी, आणि ऐकलं नाही तर पुढं काय, हा प्रश्न लेफ्टनंटलाही पडतो. फक्त त्याचा वरिष्ठ कंपनी कमांडर असतो.

आता तुझ्या पलटणीसाठी खास. चिपळूणजवळच्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेलं पत्र. शाळेत त्यातली दोनच वाक्यं आपल्या वाट्याला येतात आणि मग ती भाषणांत झिजतात. सबंध पत्र काढ. राजा कशाकशाचा विचार करतोय ते पाहा. आत्ता हाताशी आहेत म्हणून दाणे-गवत उधळलंत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील. म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी. मग तुम्ही विलायतेस (म्हणजे मुलखाला) तसवीस, त्रास देऊ लागाल. कुणी कुणब्याकडचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटी, कुणी भाजी. तग धरून राहिलेली गरीब माणसं गाव सोडतील, आणि त्यांना वाटेल, 'मोगल मुलकात आले त्याहूनही अधिक तुम्ही'. एका मुठीच्या उधळपट्टीपासून राज्याच्या बदनामीपर्यंत सगळी साखळी अशी कडीला कडी लावून मांडलीय. आणि एवढ्यावर न थांबता दिव्याची गोष्ट! रात्री घरात दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि गवत गेलं की घोडदळच गेलं. वेलिंग्टनला प्रशासनावर जी व्याख्यानं होतात, त्यांत उंदराचा विचार करणारा सेनापती मला तरी भेटला नाही.

हे पत्र ऑफिसर मेसमध्ये अडकवू नकोस. सैनिक संमेलनात सुभेदार मेजर साहेबांना वाचायला सांग. त्यांच्या तोंडी ते शोभेल. सातारा-सांगली-कोल्हापूरची पोरं समोर बसलेली असतील, त्यांना अर्थ सांगावा लागणार नाही. नंतर क्यूएमला, म्हणजे रसद-सामान सांभाळणाऱ्या क्वार्टरमास्टरला, उभं करून विचार, आपल्या पलटणीत उंदीर कुठं कुठं आहेत. त्याच्या जोडीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण. लाकूड हवं असलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं त्यांनी लेकरांसारखी वाढवलीत, हे तिथंच आहे. काश्मीरमध्ये सफरचंदाच्या बागेशेजारी तंबू ठोकणाऱ्या प्लाटून कमांडरला यापेक्षा नेमका उतारा कुठला देशील?

पानिपतावर कादंबऱ्या त्यांनी वाचल्या असतील. वाचोत. पण त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वेगळं आहे. आपल्यात पानिपत म्हटलं की गळा दाटून येतो आणि विचार थांबतो. शेजवलकर गळा दाटू देत नाहीत. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दक्षिणेकडच्या वाटेवर आला आणि भाऊंची रसद तुटली. तिथून १४ जानेवारीपर्यंतचे दिवस हा उपासमारीचा हिशेब आहे. लष्कराबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू किती होते, त्यांना रोज खायला किती लागत असेल, याचं गणित पोरांना मांडायला लाव. लढाईच्या दिवशीचे डावपेच त्यानंतर.

बाकीचं भराभर सांगतो. जॉन कीगनचं 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६): सँडहर्स्टला शिकवणारा हा माणूस आपण कधी लढाई पाहिलेली नाही असं सुरुवातीलाच सांगतो आणि मग अ‍ॅजिनकोर्ट, वॉटर्लू, सोम या तीन लढाया रांगेतल्या शिपायाच्या नजरेनं उलगडतो. जरूर दे. एस. एल. ए. मार्शलचं 'मेन अगेन्स्ट फायर' (१९४७) मुद्दाम दे, पण सापळा म्हणून. प्रत्यक्ष चकमकीत चौथा हिस्सा जवानसुद्धा गोळी झाडत नाहीत, असं तो ठणकावून सांगतो. पुढं इतिहासकारांनी त्या आकड्यांच्या आधाराबद्दलच शंका काढल्या. पोरगा आकडा घेऊन आला की विचार, मोजलं कुणी आणि कसं? प्रशियन युद्धविचारवंत क्लाउझवित्झचं 'ऑन वॉर' पूर्ण वाचल्याचं जो लेफ्टनंट सांगेल त्याला जास्त ड्युट्या लाव. पहिल्या भागातलं घर्षणावरचं (कागदावर सोपं ते प्रत्यक्षात कसं अडतं त्यावरचं) सातवं प्रकरण पुरे, मोजक्या पानांचं आहे. आणि प्राचीन चिनी सुन त्झूची युद्धवचनं घेऊन तो व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतोच, त्याला वेगळी जागा नको.

एक कादंबरी मात्र हवीच. प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग'. बॉर्डर रोड्समध्ये आलेला तरुण इंजिनिअर लेफ्टनंट विश्वनाथ, हिमालयातला रस्ता, आणि हुकूम मोठा की समोरचा डोंगर सांगतोय ते मोठं, हा झगडा. मराठी वाचता येणाऱ्या प्रत्येक वायओला दे. विश्वनाथ बरोबर होता का, यावर मेसमध्ये दोन तट पडले पाहिजेत. मी अजूनही पूर्ण त्याच्या बाजूचा नाही, तू आहेस हे मला माहीत आहे.

अजून एक. हवालदारांना विसरू नकोस. अमेरिकेच्या मरीन कोअरनं १९८९ साली जनरल अल ग्रेंच्या काळात वाचनाची यादी काढली, ती हुद्द्यावार, आणि तीत ऑफिसरांच्या खालचेही हुद्दे आले. रात्रीच्या पेट्रोलवर सेक्शन तर हवालदारच चालवतो, मग वाचन ऑफिसरांच्या मेसपुरतंच का? तुझ्या हवालदारांना मराठीतलं थेट देता येतं, ही तुझी चैन आहे. दुसऱ्या किती सीओंना ती मिळते?

पद्धत म्हणशील तर महिन्याला एक प्रकरण, एक पोरगा, वीस मिनिटं. पॉवरपॉइंट बंद. सँड मॉडेल, म्हणजे वाळूत उभारलेला नकाशा, चालेल. प्रश्न विचारणाऱ्यात एक जण सप्लायवाला आणि एक डॉक्टर असावा, कारण इन्फन्ट्रीवाले उगाच फ्लँकवरून, शत्रूच्या बगलेवरून, जायला उतावीळ असतात. आणि तू शेवटी बोल. सीओ आधी बोलला की सगळ्यांचं मत तेच होतं.

पुस्तकांचं म्हणशील तर स्लिम आणि दळवी माझ्याकडं दोन-दोन प्रती आहेत, एकेक ठेवून घे. थोरात आणि शेजवलकर मात्र उसने देतोय, परत हवेत. तुझा कुणी जवान सुटीवरून पुण्यामार्गे परतणार असेल तर फोन कर, स्टेशनवर आणून देतो. पोस्टानं पाठवायला मन होत नाही. दळवींच्या समासात माझी पेन्सिलची शेरेबाजी आहे, काही ठिकाणी भाषा मेसच्या बाहेर काढण्यासारखी नाही. ती पानं पोरांना देण्याआधी खोडरबर फिरव.

वहिनींना नमस्कार. मुलीच्या बारावीचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

तुझा,
बंड्या