पोट्टे गेममध्ये पैसे उडवतातच असं नाही

संपादक साहेब,

पोट्टे गेमपायी बापाचे पैसे उडवतात असं सगळेच लिहितात, पण आमचा भाचा वॉरफ्रेम खेळते, 2013 पासूनचा फुकट शूटर गेम आहे तो, अन् एक रुपया न टाकता पठ्ठ्यानं प्लॅटिनम, म्हणजे गेममधलं चलन, कमावलं. रेलिक, म्हणजे गेममधल्या बंद पेट्या, फोडून प्राइमचे, म्हणजे भारी हत्यारं-चिलखतांचे, पार्ट काढायचे, ट्रेड चॅटवर भाव टाकायचा, गिऱ्हाईक आलं की द्यायचे. नवीन प्राइम आलं की सगळेच विकतात, भाव पडते, हा मात्र घरात तूर ठेवल्यासारखा सेट दाबून ठेवते अन् प्राइम व्हॉल्टमध्ये गेलं, म्हणजे नवीन रेलिकमधून मिळणं बंद झालं, की विकायले काढते. दिवसाचे सौदे मास्टरी रँकएवढेच, म्हणजे गेममधल्या आपल्या पायरीच्या आकड्याएवढेच, म्हणून फुटकळ पार्टात पडतच नाही. प्लॅटिनम बँकेत येत नाही, बाहेर रोखीनं विकलं तर अकाउंट जाऊ शकते, हे त्याले पक्कं माहीत आहे. फक्त ऐन सौद्यात लाईन जाते बा, त्याच्यावर छापा काहीतरी.

एक मामा, जि. यवतमाळ