बंदूक शेवटी का?

बडोदे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या सेंड-ऑफला मी नव्हते, आईचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. शाल, श्रीफळ, भाषणं झाली म्हणे. पण तुमचे आभार मानायचं खरं कारण तिथे कुणी काढलं नसणार. ती माझ्या चुकीची गोष्ट, आणि मी ती दडपून ठेवली होती. आता सगळ्यांसमोर सांगते.

प्रयोगशाळेतलं माझं काम दिसायला सोपं होतं. लाल तोंडाच्या माकडांचा ताप तीन तऱ्हांनी मोजायचा: गुदद्वारात थर्मामीटर, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचलेली, तापमान सांगणारी चिप, आणि लांबून रोखायचं इन्फ्रारेड यंत्र, ज्याला आपण सगळे बंदूक म्हणायचो. तिन्हींचा मेळ बसतो का, एवढंच पाहायचं. बंदूक दर वेळी कमी दाखवायची. कातडी आतल्या शरीराहून गार असते, केस मध्ये येतात, हे मला पाठ होतं. पण तफावत एक दिवस अर्धा अंश, तर दुसऱ्या दिवशी दोन! यंत्र बदलून मिळावं म्हणून मी अर्जही लिहिला होता.

तुम्ही माकडांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होतात. मान वर न करता म्हणालात, "डॉक्टरबाई, बंदूक नेहमी शेवटी का घेता?"

मी चिडलेच होते. मग वही उघडली. केटामाईन, म्हणजे गुंगीचं औषध, दिल्यावर आधी थर्मामीटर, मग वजन, मग रक्त, चिप, आणि बंदूक कधी २० मिनिटांनी, कधी ४०. गुंगीत माकडाचं अंग निवत जातं, त्यात खाली स्टीलचं टेबल आणि डोक्यावर पंखा. म्हणजे तापलेलं माकड एका यंत्राच्या वाट्याला, निवलेलं दुसऱ्याच्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही पंखा बंद केलात, टेबलावर धुतलेली चादर घडी करून घातलीत आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने वेळ लिहीत गेलात. तिन्ही आकडे एकाच मिनिटात घ्यायला लागल्यावर बंदूक कमीच दाखवायची, पण रोज साधारण तेवढंच कमी. त्याचा हिशेब करता येतो. अर्ज फाडला.

आणि ती दाराची खणखणणारी कडी! पोटात तापमान कळवणारा ट्रान्समीटर बसवलेल्या नराचा आलेख रोज सकाळी आपण यायच्या वेळेला चढायचा. रात्री उतरलेलं तापमान सकाळी चढतंच, पण हे पायरीसारखं चढायचं. तुम्ही कडीला सुतळी गुंडाळलीत, अर्धा तास आधी जाऊन शेंगदाणे देत नुसते बसायला लागलात, आणि पायरीच्या जागी हळूहळू चढ आला. पकडापकडीच्या धास्तीनेच अंग तापतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

अहवालात तुमचं नाव घालायचं म्हटलं, तर फॉर्ममध्ये तशी जागाच नाही असं उत्तर आलं. अजून डोक्यात आहे ते.

रविवारी दांडिया बाजारात येते. सेव-उसळ माझ्याकडून, तरी तुम्ही म्हणाल तेवढी तिखट.

तुमची,
डॉक्टरबाई