लेबनॉनची मोजणी: आई-बाबांना पत्र

स्मिथ सेंटर, कॅन्सस

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर इथलं काही सांगायला लागलो की आई, तू "जेवलास का" वर येतेस आणि बाबा, तुम्ही "वस्ती किती" वर. जेवण नीट चाललंय. वस्तीचं मात्र फोनवर उरकत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

मी राहतो ते स्मिथ सेंटर हे कौंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, मुख्य गाव. 2020 च्या जनगणनेत इथे 1571 माणसं होती, आणि आख्ख्या स्मिथ कौंटीत 3570. आपले दीड-दोन तालुके आरामात मावतील एवढी ही कौंटी, 2300 चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे चौरस किलोमीटरला दीड माणूस. आपल्या सातारा जिल्ह्यात 2011 ला हाच आकडा 287 होता. व्हिसाच्या अटीप्रमाणे माझ्यासारख्या परदेशी डॉक्टरला डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काढायची असतात, तेव्हा असा भाग वाट्याला यायचाच.

पण आज लिहायचंय ते इथून पूर्वेला असलेल्या लेबनॉन नावाच्या छोट्या गावाबद्दल. नाव बायबलमधल्या देवदारांवरून पडलेलं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 1800 फुटांवर, आणि डोंगर म्हणावं असं नजरेत काही नाही. वस्ती 2010 ला 218, 2020 ला 178. आपल्या खालच्या आळीत दिवाळीला याहून जास्त माणसं जमतात. मेन स्ट्रीटवर जुन्या विटांच्या इमारती उभ्या आहेत, बहुतेक बंद. मुलं बसनं स्मिथ सेंटरच्या शाळेत येतात.

एवढंसं गाव, पण जगाला माहीत आहे. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या सलग 48 राज्यांचा भौगोलिक मध्य या गावाच्या वायव्येला दोन-अडीच मैलांवर पडतो. बाबा, तो काढला कसा ते ऐका. 1918 मध्ये सरकारी सर्वेक्षण खात्यानं देशाचा नकाशा पुठ्ठ्यावर कापला आणि टोकावर तोलून धरला. जिथे तोल साधला तो मध्य! 1940 च्या सुमारास तिथे दगडी स्तंभ बांधला. पण ज्याच्या शेतात खरा बिंदू आला त्या शेतकऱ्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ नको होती. मग स्तंभ सोयीच्या जागी, थोडा बाजूला उभा राहिला. मोजणीवाल्याचा बिंदू एकीकडे आणि दगड भलतीकडे, हे तुम्हाला नवीन नाही. शेजारी एक लाकडी प्रार्थनाघर आहे, आत जेमतेम सात-आठ माणसं बसतील. 2021 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन हा गायक एका जाहिरातीत तिथे दिसला तेव्हा देशभर चर्चा झाली. मधल्या काळात, 1959 ला, अलास्का आणि हवाई राज्यं झाली आणि पन्नास राज्यांचा मध्य साउथ डकोटात गेला. लेबनॉनच्या लोकांनी तिकडे फारसं लक्ष दिलेलं नाही.

आता तुमच्या मोजणी खात्याचा विषय. इथली जमीन माणसं येण्याआधीच कागदावर आखलेली होती. (माणसं नव्हती असं नाही. पॉनी नावाचे इथले मूळ रहिवासी या माळावर बायसनच्या शिकारीला येत. आखणारांनी त्यांना धरलं नाही, एवढंच.) उत्तरेला 40 अंशांचं अक्षवृत्त, म्हणजेच नेब्रास्काची हद्द, ही पायारेषा. तिच्यापासून सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन, प्रत्येकात एकेक चौरस मैलाचे 36 सेक्शन, आणि सेक्शनचे चार तुकडे, प्रत्येकी 160 एकर. मोजायला 66 फुटांची साखळी. म्हणजे तुमच्या 33 फुटी शंकूसाखळीच्या बरोब्बर दुप्पट! तुमच्या साखळीनं 160 एकरांची एक बाजू 80 साखळ्या भरते. ऐंशी गुणिले ऐंशी, 6400 गुंठे. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं हा तुकडा नाममात्र फी घेऊन कुटुंबाला मिळायचा. अट एकच, पाच वर्षं तिथेच राहून तो कसायचा.

जवळजवळ प्रत्येक मैलाला खडीचा रस्ता, सगळे उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम. मात्र पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, मग चौकोन जुळेनात. म्हणून ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा येते आणि नाकासमोर चाललेला रस्ता तिथे एकदम हिसका घेऊन काही फूट बाजूला सरकतो. रात्री सरळ जाणारा माणूस तिथे थेट शेतात. तुम्ही शेजारी बसला असतात तर मला गाडी थांबवायला लावून उतरला असतात, याची खात्री आहे.

"तिथेच राहून कसायचा" या अटीनं गावाची घडणच बदलली. इथे गावठाण नाही. शेतकऱ्याचं घर शेतात, शेजारी अर्ध्या मैलावर. गाव म्हणजे स्टेशन, धान्याचं कोठार, किराणा, चर्च आणि शाळा. घोडागाडीनं धान्य घालून दिवेलागणीपर्यंत परत येता यावं अशा अंतरावर ही गावं बसली. लेबनॉन तर 1880 च्या दशकात रुळांच्या जवळ नवीन जागी हलवलेलं गाव. 160 एकरांना एक घर, घरात पाच-सात मुलं, असं होतं तोवर गिऱ्हाईक होतं. 1900 साली या कौंटीत 16,384 माणसं होती. मग ट्रॅक्टर आला, तिसाच्या दशकात धुळीची वादळं आणि मंदी आली, आणि 160 एकरांवर कुणाचं भागेना. शेजाऱ्यानं विकलं की उरलेल्यानं घ्यायचं, हे तेव्हापासून चाललंय. माझे एक पेशंट आहेत, ऐंशीच्या घरातले. तीन हजार एकर बाप-लेक दोघंच पाहतात. त्या जमिनीवर पूर्वी अठरा-एकोणीस चुली पेटत असणार. शेतकरी गेला की किराणा बंद, मग शाळा, मग पुढचा शेतकरी. कॅन्सस सरकारनं 2011 मध्ये अशा ओसरत्या कौंटींमध्ये राहायला येणाऱ्याचं 15,000 डॉलरपर्यंत शिक्षणाचं कर्ज फेडायची योजना काढली. चार माणसं येतात, सहा जातात.

आई, तुला एक गंमत. गव्हाबरोबर इथलं मोठं पीक ज्वारी! अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये होते. इथे तिला मायलो म्हणतात. जेमतेम कमरेएवढी, दाणा तांबूस, कणसं एकाच उंचीवर, कारण हार्वेस्टरच्या पात्याला तसंच लागतं. पाऊस वर्षाला 24-25 इंच, आपल्या खटावकडच्यापेक्षा फार जास्त नाही. भाकरी कुणी करत नाही, ती जाते गुरांना आणि इथेनॉलला. पहिल्या ऑक्टोबरात मी बांधावरून दोन कणसं मागून आणली, हातावर चोळून दाणे फुंकले. दाणा कडवट निघाला. तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे: कडबा कुठाय? एवढ्याशा ताटाला कसला कडबा! धसकटं तशीच रानात उभी राहतात, हिवाळ्यात त्यात गुरं सोडतात.

बाबा, तुम्ही मागच्या आठवड्यात वाटपाचं विचारलंत. मी गप्प राहिलो, कारण डोक्यात हाच हिशेब चालला होता. इथे जमीन एका हाती गोळा होत गेली आणि माणसं गेली. आपल्याकडे ती भावाभावांत फाटत गेली आणि तरीही माणसं पुण्या-मुंबईला गेलीच. आजोबांच्या सातबाऱ्यावर आता इतकी नावं आहेत की पान उलटावं लागतं. विहिरीजवळच्या रानाच्या पुन्हा दोन पट्ट्या केल्या तर दादाच्या वाट्याला ट्रॅक्टर वळवायलाही जागा उरणार नाही, आणि माझी पट्टी पड राहील. तेव्हा फाळणीचा अर्ज करू नका. रान दादाकडेच राहू दे, सगळं. वहिनीला विहिरीवरून कुणी बोलू नये एवढं फक्त बघा.

मी डिसेंबरात येतोय, हक्कसोडपत्रावर तेव्हा सही करतो. स्टॅम्प किती रुपयांचा लागतो ते दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून ठेवा. आणि आई, दगडीची ज्वारी मिळाली तर पायलीभर बाजूला काढ.

तुमचा,
बापू