तपासणी पुरुषाचीही व्हावी

महोदय,

मूल होत नाही म्हटले की आजही पहिले बोट सुनेकडेच दाखवले जाते. वास्तविक, वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. माझ्या नात्यातील एका मुलीच्या तीन वर्षे तपासण्या चालल्या आणि त्या काळात जावई दवाखान्याच्या पायरीवर तंबाखू मळत बसलेले मी पाहिले आहेत. तंबाखू, अतिमद्यपान, स्थूलपणा आणि शरीर कमावण्यासाठी परस्पर घेतलेली टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने यांमुळे शुक्राणूंची संख्या घटू शकते. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे व्यसन सोडून भाकरी-भाजी, कडधान्ये, फळे असा आहार सुरू केला, तरी फरक पडण्यास किमान तेवढा धीर धरावा लागतो. वीर्यतपासणी साधी असते. ती पहिल्याच भेटीत करून घ्यावी.

– एक वाचक, सातारा